वीज पडलेल्या पाइनच्या फळ्या काढता येतात का?

तुमचा प्रश्न असा की अमेरिकेतल्या जॉर्जियात घरामागच्या दोन पाइनवर तीन आठवड्यांपूर्वी वीज पडली, एक पिवळं पडतंय, दुसरं हिरवंच आहे. फळ्या काढून बाकं करता येतील का, आणि सासूबाई म्हणतात तसं हे लाकूड अशुभ आहे का?

बाकं नक्की होतील. पण पिवळ्या झाडाचं काय ते याच आठवड्यात ठरवा.

मी अटलांटाच्या उत्तरेला राहतो. अशी चार लॉबलॉली पाइन चिरून घेतली आहेत, त्यातलं पहिलं हातचं घालवलं. वीज जुलैत पडली होती. म्हटलं, थंडीत निवांत कापू. ऑक्टोबरमध्ये बुंध्याला कान लावला तर आतून करकर ऐकू येत होती. सॉयर भुंगेऱ्याच्या अळ्या लाकूड कुरतडत होत्या. शिसपेन्सिल जाईल एवढी भोकं! निम्मं झाड शेकोटीत गेलं.

वीज लाकूड सहसा जाळत नाही. सालीखालच्या ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि ती साल उडवते, म्हणून वरून खालपर्यंत पट्टा सोललेला दिसतो. पुढचं नुकसान भुंगेरे करतात. जखमेतल्या राळेच्या वासावर ते येतात, आणि दुबळ्या झाडाला राळेच्या जोरावर त्यांना बाहेर लोटता येत नाही. त्यांच्यासोबत बुरशी येते, तिने बाहेरचं फिकट लाकूड निळसर-करडं होतं. या निळ्या रंगाला घाबरू नका, ताकद फारशी कमी होत नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्या निळ्या रेघा आहेत आणि मला त्या फार आवडतात.

घाबरायचं ते आतल्या तड्यांना. ओंडक्याचं टोक नीट पाहा. वाढीच्या वर्तुळाला धरून गेलेली चीर दिसली तर तेवढा तुकडा कापून टाका, नाहीतर फळी कांद्यासारखी सुटते. सोललेला पट्टा सरळ खाली आला असेल तर छान. तो खोडाभोवती पीळ घेत असेल तर लाकडाचे तंतूही पिळलेले असतात आणि फळ्या वाळताना मुरडतात. अशा वेळी ओंडके आखूड ठेवा. आडव्या पात्याच्या आऱ्यावर जखम बाजूला येईल असा ओंडका लावा. मग तडा पात्याला समांतर राहतो आणि एक-दोन फळ्यांवर निभावतं. जखम वर ठेवलीत तर जवळजवळ प्रत्येक फळी मधोमध दुभंगेल.

झाड स्वतः पाडू नका, वरच्या तुटक्या फांद्या कधीही खाली येतात. पाडणाऱ्यांना आधीच सांगा की साडेआठ फुटांचे ओंडके ठेवा, नाहीतर ते जळणाचे तुकडे करून जातील. अंगणातलं झाड मोठ्या गिरण्या खिळ्यांच्या भीतीने बहुधा घेत नाहीत, त्यामुळे फिरता बँड सॉ (पट्टीसारख्या पात्याचा, दारात आणता येणारा आरा) असलेला माणूस गाठा. ओंडक्यातून किती फळ्या निघतील याचा अंदाज देणाऱ्या डॉयल मोजणीने 16 इंच व्यासाचा, 8 फुटी ओंडका 72 बोर्ड फूट भरतो (एक बोर्ड फूट म्हणजे फूटभर लांब, फूटभर रुंद, इंचभर जाड लाकूड). दोन-तीन बाकं सहज होतील.

फळ्या मधे इंचभर पट्ट्या घालून, वर छप्पर आणि बाजू मोकळ्या अशा रचा. घरात वापरायच्या असतील तर नंतर भट्टीत वाळवा. गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस अर्धा तास मिळाले की कीड मरते, पण राळ घट्ट बसायला 70 च्या आसपास जावं लागतं. नाहीतर उन्हात ती पाझरून कपड्यांना चिकटते.

सासूबाईंची शंका इथल्या मातीलाही अनोळखी नाही. उत्तर जॉर्जिया हा पूर्वी चेरोकी या मूळ अमेरिकी लोकांचा मुलूख. त्यांच्यात सामान्य माणूस विजेच्या लाकडाला हात लावत नसे, हातापायांना भेगा पडतील म्हणून. सासूबाईंच्या मनाला पटत नसेल तर बाकं अंगणातच ठेवा.

हिरवं झाड मात्र आत्ता पाडू नका, काही पाइन विजेतून वाचतात. दर आठवड्याला बुंधा पाहा. सालीवर लाह्यांसारखे राळेचे गोळे किंवा तांबूस भुसा दिसला, की त्याच दिवशी झाड पाडणाऱ्यांना फोन करा.