गोळीआधी वही

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. आई म्हणते पित्त, रूममेट म्हणतो अर्धशिशी, चष्म्याच्या दुकानात नंबर निघाला, आणि रात्री दोन वाजता तू मोबाइलवर ट्यूमर शोधत बसलास. सगळ्यांची मतं आहेत, पण डोकं नेमकं कसं दुखतं याची एक ओळ नाही. वैताग आला.

म्हणून वही कर. गोळीआधी वही. डोकं कधी धरलं, कुठे, किती वेळ, आदल्या रात्री किती झोपलास, शेवटचं कधी खाल्लंस, एवढंच लिही.

ताणाची डोकेदुखी बहुधा दोन्ही बाजूंनी येते. घट्ट फेटा बांधल्यासारखं डोकं आवळतं, पण ठणकत नाही. अर्ध्या तासात उतरते, कधी आठवडाभर राहते. जिना चढल्यानं वाढत नाही, उलटी होत नाही. अर्धशिशी बऱ्याचदा एकाच बाजूला ठणकते, मळमळतं, उजेड नि आवाज नकोसा होतो, माणूस अंधार करून पडून राहतो. तू तर दुखत्या डोक्यानं जीएसटीची रिटर्न भरत बसतोस. त्यावरून मला अंदाज आहे, पण अंदाजावर आपण ताळेबंदही सही करत नाही. वही.

परवा तुझ्या ऑफिसात डोकावलो तेव्हा पाहिलं. लॅपटॉप टेबलाच्या कडेला, मान खाली, खांदे कानांपर्यंत चढलेले, आणि दातांत धरलेल्या पेनाचं टोपण चावून पार चपटं झालेलं. चार वाजले तरी डबा बंद. त्याऐवजी कटिंगवर कटिंग. रविवारी उशिरा उठतोस, चहा लांबतो, आणि म्हणतोस सुट्टीच्या दिवशीच कसं डोकं धरतं! रोजचा चहा चुकला की धरतंच. हे कुणी सांगायला नको, वहीच सांगेल.

मी मार्च एंडलाही दीडच्या ठोक्याला डबा उघडायचो. समोर साहेब असले तरी. नाटकी म्हणायचे मला. बढती त्यामुळेच हुकली असं काहीजण अजून ऐकवतात. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण शेजारच्या टेबलावरचे खिशात गोळ्यांची पट्टी ठेवून बढती घेत होते, तेही पाहिलंय. माझंच बरोबर होतं, आजही म्हणतो.

ती पट्टी तुझ्याही खिशात आहे. साधी पॅरासिटामॉलसुद्धा महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. कॅफिन वगैरे मिसळलेल्या गोळ्यांना 10 दिवसही पुरतात. आणि तू मोजतच नाहीस! घेतलेली प्रत्येक गोळी वहीत लिही. महिनाभरानं वही घेऊन डॉक्टरांकडे जा, चष्म्याचा नंबरही दुकानात नको, नेत्रतज्ज्ञाकडून तपास.

वही बाजूला ठेवायची वेळ एकच. डोकं अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही असं दुखलं, तापाबरोबर मान आखडली, बोलणं अडखळलं, हातापायातली शक्ती गेली, नजर अंधारली, किंवा डोक्याला मार लागल्यावर दुखू लागलं, तर तडक हॉस्पिटल गाठ. मला फोन तिथे पोचल्यावर कर.

तुझा,
काका