ट्रान्स्फर आला म्हणून हात जड करून घेऊ नकोस

काल काकूंचा फोन आला होता, म्हणाल्या पोरगा हो-नाही एवढंच बोलतो आणि फोन ठेवून देतो. मग तुझा मेसेज परत वाचला, की बेसबॉल टीममध्ये माझ्याच जागी, शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा), पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) 22 वर्षांचा ट्रान्स्फर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातला खेळाडू, आणलाय तर मला रिक्रूट केलंच कशाला. अरे, हा प्रश्न कोचला विचारू नकोस आणि स्वतःलाही रोज विचारत बसू नकोस, त्याने हात जड होतात.

हिशोब बघ ना. आता डिव्हिजन वनच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पातळी) बऱ्याच कॉलेजांत रोस्टरला, म्हणजे टीमच्या यादीला, 34 जणांची मर्यादा आहे, त्यातले निम्मे पिचर धरले तरी उरलेला प्रत्येक जण आपापल्या हायस्कूलचा हिरोच असतो. पहिल्याच वर्षी बॅटिंगच्या जोरावर जागा मिळवणं फार अवघड जातं, कारण समोरचा पिचर तुझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा असतो आणि त्याचा वळणारा बॉल, स्लायडर, स्ट्राइक वाटता वाटता शेवटी बाहेर पळतो. बॅट बसायला वेळ लागणारच, पण ग्लोव्ह, पाय आणि डोकं यावर आजपासून काम करता येतं. लाइनअप लिहिताना कोचच्या मनात एकच धाकधूक असते, कुणाला ठेवलं तर घात होणार नाही.

मला हे फार उशिरा कळलं. माझ्या पहिल्या फॉलमध्ये (सीझनआधीच्या सरावाच्या दिवसांत) एका स्क्रिमेजला, म्हणजे सराव मॅचला, लेफ्ट फिल्डमधून मी थेट होमला थ्रो मारला, थर्ड बेसमन कटऑफला, म्हणजे थ्रो मधेच घ्यायला, हात वर करून उभा होता, त्याच्या डोक्यावरून. थ्रो जोरदार होता, पोरं ओरडली पण, पण होमला रनर सेफच झाला आणि तेवढ्यात बॅटर आरामात सेकंडला जाऊन उभा राहिला. कोच काहीच बोलले नाहीत, फक्त वहीत काहीतरी लिहिलं. मार्चपर्यंत मी बेंचवर होतो आणि मला वाटत होतं बॅटिंगमुळे बसवलंय, म्हणून रोज रात्री बॅटिंग केजमध्ये तळहाताला फोड येईपर्यंत मारत होतो. शेवटी असिस्टंट कोचना विचारलं तेव्हा खरं कारण तो थ्रो निघाला.

म्हणून तू आत्ताच जाऊन विचार. मला का खेळवत नाही असं नाही, तर शेवटच्या दोन इनिंगला मला आत पाठवायचं असेल तर माझ्यात काय दिसायला हवं, असं विचार. उत्तर मिळेल ते लिहून ठेव आणि त्यावरच काम कर.

मला पहिली संधी मिळाली ती एका मंगळवारी, पिंच रनर म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या जागी फक्त बेसवर धावायला. शुक्रवार ते रविवारच्या सिरीजला ठरलेलीच पोरं खेळतात, नवीन मुलांना हात साफ करायला मिळतो तो जास्त करून मिडवीकला, तेव्हा मंगळवारला कमी लेखू नकोस. पिचरच्या हातातून सुटतानाच बॉल खाली उतरतोय, जमिनीवर आपटणार, हे दिसलं आणि मी निघालो, कॅचरच्या अंगावरून उसळायची वाट बघितली नाही. हे मी बुलपेनच्या (पिचर सराव करतात ती जागा) मागे तासन्‌तास उभं राहून शिकलो होतो. सेकंडला पोचलो, पुढच्या सिंगलवर रन झाला, आणि पुढच्या आठवड्यात परत माझं नाव घेतलं.

तू सेकंड आणि थर्डचेही ग्राउंडर (जमिनीवरून येणारे बॉल) घ्यायला लाग, बंट (बॅट न फिरवता बॉल हळूच टेकवणं) पक्का कर. आणि त्या ट्रान्स्फरच्या मागेच लाइनीत उभा राहा, त्याचे पाय बघ, सरळ विचार, अशी पोरं बहुतेक वेळा मनापासून सांगतात.

रागाच्या भरात पोर्टलमध्ये नाव टाकू नकोस, नाव टाकल्यावर कॉलेज स्कॉलरशिप थांबवू शकतं, त्याआधी मला फोन कर, रात्री दोनला केलास तरी चालेल.

आज आधी काकूंशी नीट बोल. रविवारी मला फोन कर आणि बॅकहँडला त्या ट्रान्स्फरचा डावा पाय कुठे पडतो ते सांग.