मुलगा तीन वर्षांचा आहे, ऑटिझम निघालाय. साध्या प्लेस्कूलमध्ये घालू की थेरपी सेंटरमध्ये? नागपूरच्या पालकांचा अनुभव काय?

माझा मुलगा आता आठचा आहे, निदान पावणेतीनला झालं. शाळा की सेंटर हे आम्हीही महिनाभर चघळलं, सासूबाई म्हणायच्या शाळेत टाक, पोट्टा आपोआप बोलेल, डॉक्टर म्हणाले आधी थेरपी, मग आम्ही दोन्हीकडे धावलो. सकाळी मानेवाड्यात प्लेस्कूल, दुपारी धंतोलीत स्पीच थेरपी अन् ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), मे महिन्यात तोंडाला स्कार्फ बांधून ॲक्टिव्हावर, पोरगं समोर उभं. एवढं करून पंचेचाळीस मिनिटांनी दार उघडायचं आणि 'आज छान केलं हं'. बस.

प्लेस्कूलच्या डायरीतही रोज स्टार, पण डबा रोज भरलेला परत. मॅडमना विचारलं तर म्हणे त्याला भूकच नसते. तीन आठवडे मी पोहे, शिरा, उपमा बदलत बसले. मग एक दिवस गेटवर मावशींनी हळूच सांगितलं, "ताई, त्याले झाकण उघडता येत नाही अन् मांगता बी येत नाही, इकडंतिकडं पाह्यते अन् डबा परत ठेवून देते." क्लिपवाला प्लास्टिकचा डबा होता बाप्पा! दुसऱ्या दिवशी साधा स्टीलचा दिला, चाटूनपुसून रिकामा आला.

हे स्पीचवाल्या ताईला सांगितलं तर तिने तोच क्लिपचा डबा मागवून घेतला. त्यात त्याच्या आवडीचे मुरमुरे घालायची, समोर ठेवायची आणि तो डबा तिच्या हातात देईपर्यंत गप्प बसून राहायची. दोन महिने लागले. पण ते त्याचं पहिलं मागणं, अजून शब्द नव्हता तरी.

म्हणून माझं मत असं की शाळा की सेंटर यापेक्षा आत काय चाललंय ते तुम्हाला सांगतात का हे बघा. वेटिंगमध्ये बसलेल्या आया फीबद्दल बोलतात, पण खरी चिडचिड त्या बंद दाराचीच असते. जाऊन सरळ विचारा, एखाद्या सेशनला मी आत बसू का, घरी काय करायचं ते सांगाल का, शाळेतल्या टीचरशी फोनवर बोलाल का. स्पीच थेरपिस्टचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशनही विचारा, लाजू नका. आणि 'सहा महिन्यांत नॉर्मल करून देतो' म्हणणारा भेटला तर चप्पल घालून निघा.

सरकारी बाजूचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, पण मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वयाला आणि दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर, म्हणजे तीन वर्षांच्या पोराचा खर्च आपल्याच खिशातून. तरी जिल्ह्याचं डीईआयसी (लहान मुलांच्या तपासणी-उपचाराचं सरकारी केंद्र) आणि नागपुरातलं सीआरसी (केंद्र सरकारचं दिव्यांग पुनर्वसन केंद्र) दोन्हीकडे चक्कर मारा, खासगीपेक्षा खूप स्वस्त पडतं, नंबर लागायला वेळ जातो एवढंच. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, लवकर काढा. निरामय या सरकारी आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर आहे, थेरपीची बिलंही त्यात ठरावीक मर्यादेपर्यंत निघतात, पण आमची पहिल्या वर्षाची सगळी बिलं मी फेकून दिली होती, तेव्हा आजपासून एक फाईल करा अन् दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटच्या पाच-सहा झेरॉक्स त्यातच ठेवा, जिथे जाल तिथे मागतात.