तळ्याकाठी तेरडा हवाच

प्रश्न : ताई, आमची सोसायटी ठाण्यात तळ्याला लागून आहे. काठावर ६० फूट लांब, २० फूट रुंद पट्टी मोकळी आहे. कमिटीला लॉन आणि पाम हवेत. मला ऋतू आणि सणवार दिसतील अशी बाग हवी आहे. काय लावू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हट्ट सोडू नका. लॉनला उन्हाळाभर पाणी लागतं आणि त्याचं खत पावसात तळ्यात उतरतं. मग शेवाळ नि जलपर्णी माजते. काठाला वाळ्याचे ठोंब हातभर अंतरावर लावा. मुळं सरळ खोल जातात, माती धरून ठेवतात. ओलीत अळू. ऋषिपंचमीच्या भाजीला खाली उतरून कापून आणाल.

झाडं मोजकीच. एकमेकांपासून १५-२० फुटांवर ताम्हणाची दोन. आपलं राज्यपुष्प, ओल सोसणारं. एप्रिल-मेमध्ये जांभळं फुलतं. आपटा मात्र कोरड्या बाजूला. दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून कांचन गळ्यात मारतात. आपट्याचं पान लहान आणि जाड. वाटेला पारिजातक. वड इथे नको, भिंत फोडेल.

पण तेरडा हवाच. आमच्या घरी तेरड्याच्या गौरी. आजी सकाळी तळ्यावर जायची, तेरडा मुळासकट उपटायची आणि मुळं हलक्या हाताने पाण्यात खळखळून घ्यायची. एक मूळ तुटू द्यायची नाही, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. देठ इतका पाणीदार की दाबला तर बोटं ओली. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात; गौरही आपल्याकडे तीनच दिवस राहते.

एका सोसायटीत मी लावायला सांगितलेला तेरडा गौरींच्या दोन आठवडे आधी तण म्हणून उपटून टाकला. फार जिव्हारी लागलं. तुम्ही भोवती विटा लावा आणि माळीदादांना रोप आधीच दाखवून ठेवा.

बी मेअखेरीस विखरायचं, वर चिमूट चिमूट माती, झालं. पुढल्या वर्षी आणावं लागत नाही. पिकलेलं बोंड हात लागताच फुटतं नि बी आपणच उडतं. पहिलं बी माझ्याकडून घ्या. गच्चीवरच्या तेरड्याचं पुडीत बांधून ठेवलंय. मासिकाच्या पत्त्यावर तिकीट लावलेलं पाकीट पाठवा, मृगाच्या आत पोचेल.