छायाचित्राखाली कोणाकोणाचे नाव?

प्रश्न : मी साखळीला राहते आणि पणजीतील एका बँकेत नोकरी करते. आमच्या शेजारी पूर्वी फोटो स्टुडिओ चालवणारे एक काका राहतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मला आपला जुना रोलचा कॅमेरा वापरायला दिला आणि प्रत्येक फोटोची नोंद वहीत करायला लावून छायाचित्रण शिकवले. आता मी डिजिटल कॅमेरा घेतला असून, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काढलेले माझे एका मासेविक्रेत्या बाईंचे छायाचित्र प्रदर्शनासाठी निवडले गेले आहे. काका पैसे घेत नाहीत, भेटवस्तूही नको म्हणतात. त्यांचे ऋण कसे मानावे? शिवाय कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या लेन्सनंतर कोणती लेन्स घ्यावी आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ती कशी सांभाळावी?
– एक वाचक, साखळी

उत्तर : प्रथम तुमचे मनापासून अभिनंदन. लेन्सचा प्रश्न लवकर सुटणारा आहे, म्हणून तो आधी घेतो. तुमचा कॅमेरा नवशिक्यांसाठीच्या बहुतेक कॅमेऱ्यांप्रमाणे लहान सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग एपीएस-सी या लहान आकाराचा असलेला असेल, तर ३५ मिलिमीटरची, एफ/१.८ छिद्राची स्थिर, म्हणजे झूम न होणारी लेन्स घ्यावी (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). तिच्यातून दिसणारे दृश्य जुन्या रोलच्या कॅमेऱ्यावरील ५० मिलिमीटरच्या लेन्ससारखेच असते, म्हणजे काकांच्या कॅमेऱ्यावर तुमची नजर जिथे तयार झाली तिथूनच तुम्हाला पुढे जाता येईल. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या झूम लेन्सचे छिद्र झूम पूर्ण लांबवल्यावर साधारणपणे एफ/५.६ पर्यंतच उघडते, एफ/१.८ वर त्याच्या नऊपटींहून अधिक प्रकाश आत येतो. देवळाच्या सभामंडपात समईच्या उजेडात उभे राहिल्यावर हा फरक कळतो. लांबच्या पक्ष्यांसाठी मोठी लेन्स घेण्याचा मोह दोन वर्षे तरी आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाळ्याची गोष्ट मात्र गंभीर आहे. गोव्यात जूनपासून हवेत जो दमटपणा भरून राहतो, त्यात बंद कपाटात किंवा चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशी चढते. कोळ्याच्या जाळ्यासारखे ते बारीक तंतू आधी कडेला दिसतात. तेव्हाच लेन्स साफ करून घेतली नाही, तर काचेवरचा लेप कायमचा खराब होतो. महागडे कपाट घेण्याची गरज नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरे आहे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे आणि जेलच्या निळ्या दाण्यांचा रंग गुलाबी झाला की ते गरम करून पुन्हा कोरडे करावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कॅमेरा वापरत राहावा, कारण हवा आणि उजेड यांचे बुरशीशी जमत नाही.

आता काकांविषयी. त्यांनी तुम्हाला वहीत नोंदी करायला लावल्या, हे वाचून मला फार समाधान वाटले. छत्तीस फोटोंचा रोल, शंभर आयएसओची (म्हणजे तेवढ्या प्रकाशसंवेदनशीलतेची) फिल्म, लख्ख उन्हात एफ/१६ आणि शटरचा वेग १/१२५ सेकंद, दाट ढग आले की एफ/५.६, हे सारे प्रकाशमापकाशिवाय मनात ठेवणारी ती पिढी आहे. लग्नसमारंभात एकही फोटो वाया जाऊ न देता त्यांनी जे कमावले, ते त्यांनी कोणतीही फी न घेता तुमच्या हाती ठेवले आहे. अशा माणसाला शाल-श्रीफळ देऊन गावात त्याचा सत्कार करता येईल, आणि त्यात काही गैर नाही. पण त्यांना खरा आनंद कशाचा होईल याचा विचार केला, तर मला वाटते की तुमचे छायाचित्र कागदावर छापून त्यांच्या हातात द्यावे आणि त्यातले काय चुकले ते त्यांना विचारावे.

नावाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. त्यांना हे तंत्र पुढे त्यांचे पती झालेल्या माणेकशा व्यारावाला यांनी शिकवले; परंतु त्यांची सुरुवातीची छायाचित्रे माणेकशांच्याच नावाने छापली गेली, कारण होमाई तेव्हा अपरिचित होत्या आणि स्त्री होत्या. शिकवणाऱ्याचे ऋण मान्य करताना काढणाऱ्याचे नाव पुसले जाऊ नये, आणि काढणाऱ्याचे नाव मोठे होताना शिकवणाऱ्याचे विसरले जाऊ नये. ही दोन्ही नावे एकाच पाटीवर मावतात. म्हणून प्रदर्शनातील पाटीवर तुमचे नाव असावे आणि खाली एका ओळीत काकांच्या मार्गदर्शनाचा उल्लेख असावा. मात्र त्यांची परवानगी आधी घ्यावी, कारण काही माणसांना प्रसिद्धीचा संकोच असतो.

याच ओघात माझीही एक चूक सांगतो. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीवर मी एका पावसाळ्यात आठवडाभर फोटो काढत होतो. बोटीवरचा एक खलाशी मला रोज दोराच्या कडेला उभे राहू देई. खंड्या पक्षी कोणत्या खांबावर येऊन बसतो, खारफुटीवर संध्याकाळचे ऊन किती वाजता पडते, हे तोच मला सांगे. त्याचा दोर ओढतानाचा एक फोटो चांगला निघाला आणि मी तो छापून आणून देण्याचे वचन दिले. कामाच्या गडबडीत दोन वर्षे गेली. प्रिंट घेऊन गेलो, तेव्हा तो त्या बोटीवर नव्हता, आणि मी त्याचे नावही विचारले नव्हते, त्यामुळे चौकशी करणेही जमले नाही. ती प्रिंट आजही माझ्या खणात आहे.

म्हणून तुम्ही त्या मासेविक्रेत्या बाईंनाही विसरू नये. त्यांना त्यांचा फोटो प्रदर्शनात लागणार असल्याचे आधी सांगावे, त्यांची हरकत नाही ना ते विचारावे, आणि एक प्रिंट त्यांनाही द्यावी. आठ बाय बाराची प्रिंट पुरेशी होईल. मागे तारीख आणि नाव मऊ पेन्सिलीने, फार न दाबता लिहावे, म्हणजे अक्षरांचे वळ पुढच्या बाजूला उमटणार नाहीत. हे सारे चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी उरकावे. त्या दिवसांत काका माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांनी सजवलेली चौकट) बांधण्यात गुंतलेले असतील आणि बाजारात त्या बाईंना गाठणे कठीण जाईल. आणि काकांकडे जाताना ती जुनी वहीही सोबत न्यावी.