वाचकांचे प्रश्न : डोंगरातील कच्च्या वाटा आणि एका रात्रीचा मुक्काम

प्रश्न : आम्ही मित्र दोन फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) गाड्या घेऊन शनिवारी सकाळी निघणार आणि रविवारी रात्री परतणार आहोत. नकाशावर डोंगरातील कच्च्या वाटेचे अंतर ९० किलोमीटर दिसते. शनिवारीच हे अंतर कापून पलीकडे मुक्काम करावा, असा विचार आहे. जमेल ना?

उत्तर : जमणार नाही, असे गृहीत धरूनच आखणी करावी. लो रेंज (वेग कमी करून चाकांना जास्त ताकद देणारी गिअरची जोडणी) लावावी लागते अशा दगडधोंड्यांच्या वाटेवर ताशी ८ ते १० किलोमीटर हा चांगला वेग समजावा. वाट बरी असेल तर १५ ते २०. म्हणजे आपले ९० किलोमीटर कुठेही न अडकता, न थांबता गेले तरी सबंध दिवस खातील, आणि दोन गाड्यांच्या ताफ्यात न अडकता सहसा कोणी जात नाही. शनिवार-रविवारच्या सहलीतले चुकीचे निर्णय बहुतेक दुपारनंतर, ‘उद्या परतायचे आहे’ या घाईपोटी घेतले जातात. त्यामुळे अंतर किलोमीटरमध्ये न मोजता तासांत मोजावे, सूर्यास्ताच्या दोन तास आधी मुक्कामाची जागा गाठावी आणि जिथे पोहोचलो असू तिथून माघारी फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावी. इंधनाचाही हिशेब तासांचाच ठेवावा, कारण लो रेंजमध्ये इंजिन जास्त फिरते आणि गाडी कमी चालते. पक्क्या रस्त्यावरचे ॲव्हरेज तिथे उपयोगाचे नाही.

प्रश्न : कच्च्या वाटेवर टायरमधील हवा कमी करावी, असे सांगतात. ती किती करावी? त्याने पंक्चरची भीती वाढत नाही का?

उत्तर : नवख्या चालकाला फोर व्हील ड्राइव्हचे फार अप्रूप असते, माझ्या मते हवा उतरवणे हा त्याहून स्वस्त आणि पुष्कळदा अधिक परिणामकारक उपाय आहे. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग मुख्यतः लांबीने वाढतो, पकड सुधारते आणि दगडावरून उडण्याऐवजी टायर त्या दगडाभोवती दबतो. गाडीतल्या माणसांच्या कमरेलाही त्याचा फरक लगेच कळतो. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय ठेवत असाल, तर दगडमातीच्या वाटेवर २२ ते २५ आणि अगदी खडकाळ चढावर १८ ते २० पुरे. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नये. वळताना टायर रिमवरून निसटू शकतो.

पंक्चरविषयीची आपली शंका मात्र अर्धी खरी आहे. तळाच्या नक्षीला टोकदार दगड लागून भोक पडण्याचा धोका कमी होतो, पण टायरच्या बाजूच्या भिंती बाहेर फुगतात आणि त्याच सर्वांत नाजूक असतात. बाजूने घासणारा कपारीचा दगड टाळावा, कारण बाजूला पडलेली चीर वाटेवर दुरुस्त होत नाही आणि स्टेपनी एकच असते. हवा उतरवल्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये. वेग वाढला की भिंती सतत दुमडून तापतात आणि टायर फुटतो. म्हणून हवा भरण्याचा छोटा कंप्रेसर बरोबर नसेल तर हवा उतरवूच नये. आणखी एक गोष्ट : साधारण १,००० मीटर चढल्यावर बाहेरच्या हवेचा दाब इतका घटतो की गेज दीड पीएसआयच्या आसपास जास्त दाखवतो, तर थंडीमुळे तो आकडा उलट खाली येतो; तेव्हा हवा घरी नव्हे, तर कच्ची वाट सुरू होते तिथे, टायर थंड असताना मोजावी.

प्रश्न : मागच्या सहलीत लांब उतारावर ब्रेकचा जळका वास आला आणि पेडल मऊ लागू लागले. ब्रेक बदलावेत का?

उत्तर : ब्रेक तपासून अवश्य घ्यावेत, पण दोष बहुधा चालवण्याच्या पद्धतीत आहे. उतार सुरू होण्यापूर्वीच लो रेंज आणि पहिला गिअर टाकावा, क्लचवरून पाय पूर्णपणे काढावा आणि इंजिनालाच गाडी रोखू द्यावी. क्लच दाबला की इंजिनाचा आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पेडल मऊ पडणे हे बहुधा ब्रेक ऑइल उकळल्याचे लक्षण असते. डॉट ४ प्रकारचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, पण ते हवेतली ओल शोषते आणि मग ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल जुने असेल तर ते आधी बदलावे. वास येताच सपाट जागा पाहून थांबावे, चाकांना दगडाची उटी लावावी आणि ब्रेक आपोआप निवू द्यावेत. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये.

उतारावर गाडी सरळ खाली न्यावी, आडवी घेऊ नये. चढ अर्ध्यात सुटला तरी हाच नियम : रिव्हर्स गिअरमध्ये आलेल्या वाटेनेच सरळ मागे यावे. उतारावर गाडी वळवण्याच्या प्रयत्नात ती कुशीवर कलंडते.

प्रश्न : आमच्या गाडीच्या माहितीपुस्तकात ५०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाता येते असे लिहिले आहे. मग गुडघाभर ओढा ओलांडायला हरकत नसावी?

उत्तर : तो आकडा संथ पाण्यासाठी असतो. वाहत्या पाण्यात ३० सेंटिमीटर खोलीवरही लहान गाडी तरंगू लागते आणि सुमारे ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकते. ज्या ओढ्यातून काठीच्या आधाराने चालत जाण्याची हिंमत होत नाही, त्यात गाडी घालू नये. तळ दिसत असेल आणि ओढ संथ असेल, तर आधी थोडे थांबून डिफरन्शियल (दोन चाकांमधली, त्यांना फिरवणाऱ्या गिअरची पेटी) निवू द्यावे, कारण तापलेली ही पेटी थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. मग लो रेंजमध्ये, मध्ये गिअर न बदलता, एकाच संथ वेगाने पलीकडे जावे. गाडी पाण्यात बंद पडली आणि इंजिनाने पाणी ओढल्याची शंका असेल, तर पुन्हा स्टार्टर मारू नये; पाणी दाबले जात नसल्याने पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो.

बर्फाच्या पाण्यावर वाहणारे ओढे सकाळी उतरलेले आणि दुपारनंतर चढलेले असतात. शनिवारी सकाळी सहज ओलांडलेला ओढा रविवारी संध्याकाळी तसाच मिळेल, या भरवशावर परतीची वेळ ठरवू नये.

प्रश्न : फसलेली गाडी ओढण्यासाठी मागच्या ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा अडकवला तर चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. तो गोळा ट्रेलर ओढण्यासाठी असतो; फसलेली गाडी झटक्याने काढताना तो तुटून गोळीसारखा सुटतो आणि त्याने माणसे दगावली आहेत. चासीला जोडलेला, याच कामासाठी बनवलेला हुकच वापरावा आणि बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर उभे करावे. तसे पाहिले तर फावड्याने चाकांपुढची माती काढणे, हवा आणखी दोन-तीन पीएसआय उतरवणे आणि चाकांखाली दगड भरणे एवढ्यावर बऱ्याच गाड्या निघतात, पण टोचन लावण्याचा उत्साह आधी येतो.

प्रश्न : रात्री थंडी फार असते. तंबूत छोटा गॅस हीटर किंवा स्टोव्ह ठेवता येईल का?

उत्तर : ठेवू नये, आणि इंजिन चालू ठेवून गाडीतही झोपू नये. जळत्या इंधनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. ऊब हवी असेल तर अंगावर आणखी एक पांघरूण घेण्यापेक्षा अंगाखाली चांगली मॅट घालावी, कारण शरीराची उष्णता जमीन वेगाने ओढून घेते. जागा निवडताना दरीचा अगदी तळ टाळावा, थंड हवा तिथेच साचते. कोरड्या ओढ्याच्या पात्रात आणि वाळलेल्या झाडाखाली तंबू ठोकू नये. पाण्यापासून निदान ६० मीटर दूर राहावे. शौचाचा खड्डाही तेवढ्याच अंतरावर, १५ ते २० सेंटिमीटर खोल असावा.

प्रश्न : उंचावर डोके दुखते. हा प्रवासाचा शीण समजावा का?

उत्तर : २,५०० मीटरच्या वर मुक्काम असेल तर समजू नये. पायी चढणाऱ्याला सवय व्हायला दिवस मिळतात, गाडी मात्र काही तासांत तेवढ्या उंचीवर नेते, त्यामुळे दोन दिवसांच्या सहलीत हा त्रास उलट अधिक संभवतो. मुक्काम खालच्या टप्प्यावर ठेवावा. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा चक्कर असेल तर आणखी वर जाऊ नये. तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णाला खाली आणून डॉक्टरांकडे न्यावे. अशा वेळी त्रास होत असलेल्या माणसाच्या हाती स्टिअरिंग देऊ नये, मग वाट त्यालाच सर्वांत चांगली ठाऊक असली तरी.