आजीचे तास कुणाच्या वहीत?

कळव्याहून एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. ते थोडक्यात असं:

"मी टीवाय बीकॉमला आहे. गोधडी शिवायला आजीकडून शिकले. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकल्यापासून ऑर्डरी येतात, आणि मी नि आजी मिळून शिवतो. सिंगल गोधडी १,५०० ला दिली तरी लोक म्हणतात, 'जुन्या साड्यांचीच तर आहे, एवढे कसे?' आता घोडबंदर रोडच्या एका ताईंनी त्यांच्या वारलेल्या आईच्या सात साड्या आणून दिल्यात. त्यांना डबलबेडची गोधडी हवी आहे. मी घाईघाईत 'अडीच हजारांपर्यंत होईल' म्हणून बसले. रविवारी त्या नक्की करायला येतील. बाबा म्हणतात, हा नाद सोड आणि बँकेच्या परीक्षेला बस. यात करिअर होईल का? आणि भाव कसा सांगायचा?"

अगं, आधी रविवारचं बघू. करिअर कुठे पळून जात नाही, त्या ताई मात्र चार दिवसांत दारात उभ्या राहतील.

तुझ्या पत्रात दोऱ्याचा खर्च आहे, अस्तराचा आहे, उल्हासनगरच्या गजानन मार्केटला जाण्यायेण्याचं तिकीटसुद्धा आहे. आजीचे तास मात्र कुठेच नाहीत. तुझेही नाहीत. 'जुन्या साड्यांचीच तर आहे' असं लोक म्हणतात तेव्हा राग येतो ना? पण तूही हिशोब नुसत्या कापडाचाच केला आहेस. गोधडीत कापड सगळ्यात स्वस्त असतं, आणि बऱ्याचदा ते गिऱ्हाइकाचंच असतं. तू विकतेस तो धावदोरा.

तो मोजता येतो. बीकॉमवाली आहेस, वही घे. साठ बाय नव्वद इंचांची सिंगल गोधडी म्हणजे साधारण साडेतीन चौरस मीटर. ओळींमध्ये बोटभर, म्हणजे दोन सेंटिमीटर अंतर धरलं तर धावदोरा भरतो पावणेदोनशे मीटर. बारा डब्यांच्या लोकलचे आठेक डबे होतील एवढी लांबी, आणि ती सुईने एकेक टाका घालत चालायची. आता मोबाइलवर घड्याळ लाव आणि चार थरांतून एक मीटर शिवून बघ. आजीलाही शिवायला सांग, तिला कळू न देता वेळ लाव, नाहीतर ती उगाच घाई करेल. समजा मीटरला १२ मिनिटं लागली, तर नुसत्या धावदोऱ्याचे ३५ तास झाले. साड्या उसवणं, कापणं, ठिगळं जोडणं, थर जमिनीवर ताणून टाचणं, कडा दुमडणं याचे आणखी आठ धर. म्हणजे ४३ तास. तुझ्या १,५०० मधून सामानाचे ४५० गेले, राहिले १,०५०. तासाला २४ रुपये. स्टेशनबाहेरचा एक वडापाव.

आता ताईंची गोधडी. नव्वद बाय शंभर इंच, बोटभर अंतराने २९० मीटर धावदोरा, म्हणजे ५८ तास. बाकीच्या कामाचे बारा. तासाला ८० रुपये धरले (हा दर मी धरलाय, तू तुझा ठरव, पण ठरव) तर मजुरी ५,६०० होते. सामान ८००. त्यावर सुया, वीज, पिशवी, फोन आणि वाया गेलेला वेळ यांचे दहा टक्के. बेरीज सात हजारांच्या आसपास जाते. तू अडीच सांगितलेत.

तेव्हा रविवारची वाट न बघता ताईंना आधीच फोन कर. सरळ सांग की घाईत बोलले, मोजून बघितलं तर आकडा वेगळा येतोय. कापड अजून कापलेलं नाही, त्यामुळे दोघींचंही काही बिघडलेलं नाही. त्या नाही म्हणाल्या तर साड्या घडी घालून परत कर. आणि सात हजार जड वाटले तर घासाघीस करू नकोस, ओळी विरळ कर. दीड बोट, म्हणजे तीन सेंटिमीटर अंतर ठेवलंस तर २९० चे १९० मीटर होतात आणि भाव ५,३०० च्या आसपास येतो. दोन्ही पद्धतींचे हातभर नमुने शिवून ठेव आणि त्यांच्या हातात दे. कमी करायचे ते तास. तासाचा दर तोच ठेवायचा.

कात्री लावायच्या आधी निम्मी रक्कम घ्यायची. याला अपवाद नाही, अगदी मावशीलाही नाही. नात्यात द्यायचीच असेल तर भेट म्हणून दे आणि एक पैसा घेऊ नकोस, पण 'आपल्यांसाठी निम्म्यात' सुरू झालं की ग्रुपवर तोच भाव फिरतो.

साड्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे मी स्वतः पोळले आहे. आईची अंजिरी नऊवारी मी एकीला गोधडीसाठी दिली होती. काम सुरेख झालं, टाका मोत्यासारखा. पण माझ्या मनात पदर अखंड मधोमध होता, आणि तिने त्याचे चौकोन कापून चार कोपऱ्यांना लावले होते. तिची चूक नव्हती. पदराचं मी बोललेच नव्हते आणि तिने विचारलं नव्हतं. मी पैसे दिले, छान झालीय म्हटलं, आणि गोधडी दोन वर्षं कपाटात ठेवली. म्हणून ताईंना पहिला प्रश्न हा विचार: पदर कुठे हवा? दुसरा: कुठल्या साडीला अजिबात हात लावायचा नाही? सातही साड्या अंथरून त्यांच्यासमोर फोटो काढ, कुठली वर येणार, कुठली आतल्या थरात जाणार ते लिहून त्यांनाच पाठव. पाचवारी साडीचे दोन पाट जोडले की डबलचा बरोबर एक थर होतो, म्हणजे चार-पाच साड्यांत थर पुरे होतात. सातही थरांतून सुई ओढायला आजीला लावू नकोस. उरलेल्या ठिगळांसाठी. आणि तरीही उरलेला तुकडा न् तुकडा पिशवीत घालून परत द्यायचा. तो आपला नाही.

साड्यांत रेशमी असतील तर घडीच्या रेषेवर उजेडात धरून बघ. जुनं रेशीम तिथेच विरतं आणि सहा महिन्यांनी फाटलं की बोल तुला बसतो. जरीचे काठ अंगाला टोचतात, ते कडेला घे. गडद रंगांवर ओला पांढरा रुमाल घासून बघ, रुमालावर रंग उतरला तर ती साडी आत घालू नकोस. नायलॉनच्या साड्या थरात सरकतात, वेळ दीडपट जातो, तसा भाव लाव किंवा नाही म्हण. तारीख देताना तुझ्या हिशोबावर आठ दिवस वाढवून दे, पावसाळ्यात पंधरा. कळव्यातल्या बंद गॅलरीत जुलै महिन्यात धुतलेल्या साड्या वाळत नाहीत, हे तुला मी कशाला सांगू.

आता बाबांचा मुद्दा. ते चुकीचं बोलत नाहीत. कॉलेज सांभाळून तू दोन तास, आजी तीन तास, महिन्याचे पंचवीस दिवस धर. सव्वाशे तासांत तीन सिंगल गोधड्या होतात. मजुरी दहा हजारांच्या आसपास, तीही दोघींची मिळून. यावर आज संसार चालत नाही, आणि तसं मी तुला भासवणार नाही. बीकॉम पूर्ण कर. सरकारी बँकांच्या क्लार्क परीक्षेला खुल्या प्रवर्गात २८ वर्षांपर्यंत बसता येतं, त्यामुळे दोन वर्षं हे नेटाने करून बघितलंस तरी ती वाट बंद होत नाही. बाबांना हे वयाचं गणित दाखव. गोधडीच्या कौतुकापेक्षा त्यांना ते लवकर पटेल.

त्या दोन वर्षांत एक कर: बाळाच्या दुपट्यांकडे वळ. छत्तीस इंची चौकोनी दुपट्याला साडेदहा तास लागतात, १,१०० ला देता येतं, बारशाला आणि डोहाळजेवणाला मागणी असते, आणि आजीच्या मांडीवर मावतं. मोठी गोधडी महिन्याला एकच घे. काम वाढलं की शेजारच्या काकूंना मीटरवर दे. तासाला ८० आणि मीटरला १२ मिनिटं म्हणजे मीटरमागे १६ रुपये. पट्टीने मोजून, त्याच दिवशी हातात. मग तुझं काम रंग जुळवणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, वही ठेवणं हे होतं, आणि त्याचेही तास भावात धरायचे. माझ्या मते तुझं करिअर असलंच तर ते इथे आहे. एकटीच्या सुईवर ते उभं राहणार नाही.

कागदपत्रांचं चटकन सांगते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट होते, पाचशे रुपये मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नकोस. जीएसटी नोंदणीची मर्यादा मालाला वर्षाला ४० लाखांची उलाढाल, गिऱ्हाइकाच्या कापडावर नुसती मजुरी घेतलीस तर २० लाख. तू दोन्हींपासून लांब आहेस. हस्तकला विकास आयुक्तांकडून कारागिरांना पहचान कार्ड मिळतं, आजीच्या नावाने चौकशी कर. बेलापूरला सिडकोच्या अर्बन हाटमध्ये एखादा रविवार जाऊन नुसती बस, हाताने शिवलेल्या वस्तूचा भाव लोक कसे सांगतात आणि कसे ऐकतात ते बघ. कर्ज आत्ता नको.

तर आज फोन. रविवारी आगाऊ रक्कम आली की आजीच्या वाट्याचे तिच्या हातात दे. ती 'मला म्हातारीला काय करायचेत' म्हणून तुझ्याच पर्समध्ये परत कोंबेल. कोंबू दे, पण वहीत तिच्या नावापुढे लिही.